खालचा ठिपका

बाबा गेल्यापासून मी काकाला 'तुम्ही' म्हणू लागले. जन्मापासून तो 'अरे काका' होता. त्याच्या खांद्यावर बसून मी बंदराचा हा धक्का पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. बदल त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आला. तोही मला 'बाईसाहेब' म्हणू लागला. चार महिने आम्ही असेच बोलत होतो, दोघंही या दोन शब्दांच्या आडून.

त्या दिवशी सकाळी मी शेडचं दार ढकललं तेव्हा तो बोटीच्या कडेला बसून रंगाचा शेवटचा हात देत होता.

"या बाईसाहेब," मान न वळवता तो म्हणाला. "ग्रंथालयाला कुलूप घातलंत वाटतं? लोकांनी आता काय वाचायचं?"

"बंदराचा तपासनीस तीन वाजता येणार ना?"

"येणार. दिवे सोडले तर सगळं तयार आहे."

"म्हणून तर आले."

"हो, तुमची अट." त्यानं ब्रश डब्याच्या कडेवर निथळला. "'कागदावर माझी सही हवी तर दिवे मी जोडणार.' बाप अर्धी बोट ठेवून गेला आणि लेक अख्खी घेऊन बसली."

बोट दोघा भावांची होती. वीस फुटी, फायबरची, वर ताडपत्रीचं छत. लांब नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, पाण्याचे कॅन आणि टपाल पोहोचवायचं हे तिचं काम. चालवायचे बाबा, इंजिन आणि दुरुस्ती काकाकडे. चार महिन्यांपूर्वी एका शनिवारी, उजेड मावळता मावळता, परत येणाऱ्या बाबांच्या बोटीवर जहाजं ओढणारा एक टग येऊन आदळला. टगच्या कप्तानानं जबाबात सांगितलं की समोर एकही दिवा नव्हता. बोट दोन दिवसांनी वर काढली. बाबा त्याआधी सापडले होते. तपासनीसानं सुकाणूशेजारच्या पॅनलचा फोटो काढला. त्यात दिव्यांच्या स्विचचा दांडा खाली होता. त्यानं नोंदवहीत एक ओळ लिहिली: 'दिवे लावले नव्हते. चूक चालकाची.'

त्या ओळीचं धक्क्यावर काय झालं ते सांगायला हवं. बाबांना सगळे 'कंदील' म्हणायचे. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी त्यांचे दिवे लागलेले असत, आणि दुसऱ्या कुणाचे लागले नसले की ते पाण्यातून त्याच्यावर ओरडत. लोक वैतागत, पण दिवे लावत. बाबा गेल्यावर महिन्याभरातच मी जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला एका खलाशाला सांगताना ऐकलं, "दिवे लाव रे बाबा, नाहीतर कंदील होईल तुझा." मी मागे उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. तेव्हा तो म्हणाला, "दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही खोटं नाही."

मला ती ओळ खोडून हवी होती. हातात माझ्या काहीच नव्हतं. मी बाबांना ओळखत होते, एवढंच. पण मुलीनं बापाला ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कुणी सांगायला नको होतं.

काकानं वायरचं नवं वेटोळं माझ्या पायाशी टाकलं. "जुनं सगळं काप, ओढ आणि फेक. त्यात बघण्यासारखं काही नाही."

"बाबा जुनी वायर कापत नसत."

"दादा बरंच काही करत नसे."

जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधायची आणि दुसऱ्या बाजूनं ओढायचं, ही बाबांची पद्धत. जुनी बाहेर येता येता नवीला वाट दाखवते. त्यासाठी जुनी कुठून कुठे गेली आहे हे आधी बघावं लागतं. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी मला याच बोटीत बसवून वायर सोलायला शिकवलं होतं. फ्यूज दाखवून विचारलं होतं, "इथे याहून जाडा घातला तर काय होईल?" मी म्हणाले, दिवा जास्त चमकेल. ते हसले, मग हसायचे थांबले. "बोट जळेल. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. ज्याच्यामागे जेवढी जाड वायर, त्याला तेवढाच फ्यूज. आणि ज्याचा त्याला."

मी पुढच्या टोकापासून सुरुवात केली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दिव्यांच्या काचा शाबूत होत्या, आतली तांब्याची टोकं हिरवी पडली होती. नवी वायर ओढली, टोकं सोलली, त्यांवर टर्मिनल चढवून पकडीनं दाबली. पकड बाबांची होती. मुठीला त्यांनी गुंडाळलेली चिकटपट्टी त्यांच्या हाताच्या मापाची झाली होती, माझ्या बोटांना ती मोठी पडत होती.

"जपून," काका खालून म्हणाला. "पुस्तकाचं पान नाही ते."

"पान फाटलं तर जोडता येत नाही. ही येते."

"वा. भाषण."

मागच्या खांबावरचा पांढरा दिवा झाला तोवर अकरा वाजले होते. पॅनल राहिलं होतं. ते बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की अपघातानंतर या बोटीत काकाचा हात न लागलेली ही एकच जागा आहे. त्यानं फुटलेली बाजू भरून काढली होती, इंजिन तीनदा खोललं होतं, बाकांना रंग दिला होता, ताडपत्रीसुद्धा नवी शिवून घेतली होती. पॅनलवर मात्र मिठाचा पापुद्रा जसाच्या तसा होता. चार महिन्यांत त्यानं ते फडक्यानं पुसलंही नव्हतं.

मी गोडं पाणी घेतलं आणि पुसायला लागले.

पाच स्विच होते, ओळीनं. नावं लिहून उपयोग नसतो, खाऱ्या पाण्यानं जातात. म्हणून स्विच चालू होतो त्या बाजूला बाबा नेलपॉलिशचा जाड ठिपका लावायचे. डोळे पाण्यावर ठेवून अंगठ्याला तो लागतो. चार स्विचांना ठिपका वर होता, फिका गुलाबी, आईच्या वेळचा. पाचवा स्विच दिव्यांचा. त्याचा वरचा ठिपका पात्यानं खरवडून काढलेला होता. खाली नवा ठिपका होता. गडद मरून.

तो रंग माझा होता. अपघाताच्या आदल्या रविवारी मी घरी आले होते, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बाटली मागितली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "काकानं काम वाढवून ठेवलंय." बाटली परत आली ती झाकणाला ग्रीस लागून. मी त्यावरून त्यांना चिडवलं. नंतर विसरून गेले.

पॅनलखालून आलेल्या टोकांना मी नव्या वायरी जोडल्या, दिव्यांचा जुना फ्यूज पुढूनच काढून न बघता खिशात टाकला, आणलेला नवा घातला आणि बॅटरी जोडली. दांडा वर केला. काही नाही. खाली केला. समोर शेडच्या भिंतीवर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा उजेड पडला. वर. अंधार. खाली. लाल, हिरवा.

ब्रशचा आवाज थांबला होता.

"काय करतेस?" काकानं विचारलं. 'बाईसाहेब' गळून पडलं होतं.

"हा स्विच उलटा आहे."

"जुना मिठानं जाम झाला होता. नवा बसवला तर वायर आखूड पडायला लागली. म्हणून फिरवून बसवला. तात्पुरता."

"कधी?"

"त्याच सुमाराला."

"कुठल्या सुमाराला?"

"आदल्या आठवड्यात. उलटतपासणी घेतेस का माझी?"

"बाबांना माहीत होतं?"

"दादानं दिवसभर शिव्या घातल्या मला. माहीत नसायला काय झालं!"

"म्हणजे दांडा खाली म्हणजे दिवे चालू."

त्यानं ब्रश डब्यात टाकला.

"तपासनीसानं फोटो दाखवला तेव्हा आपण दोघं त्याच्या टेबलासमोर होतो. त्यानं फोटोवर बोट ठेवलं. म्हणाला, दांडा खाली, दिवे बंद. मला या स्विचचं काही माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. काय केलंत तुम्ही?"

"त्यानं मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

"तुम्ही मान हलवलीत."

"मला काय सुचत होतं तेव्हा!" तो उठून उभा राहिला. हाताला पांढरा रंग लागलेला होता. "माझा भाऊ गेला होता. तुझाच एकटीचा बाप नव्हता तो."

"त्यानंतर चार महिने होते."

त्याचा चेहरा बदलला. कोंडीत सापडलेला माणूस वळून चावतो तसा तो बोलायला लागला. "बरं. लागले होते दिवे. मग टगवाल्याला दिसले का नाहीत? तो आंधळा? त्याची तीन माणसं आंधळी? जा, बाहेर जाऊन सांग, कंदील लागलेला होता, फक्त दिसत नव्हता. पोट धरून हसतील. आज एका शब्दात चिडवतात, उद्या गोष्ट करून सांगतील."

त्याचं खरं होतं. मी पॅनलचे चार स्क्रू काढायला घेतले.

"ते राहू दे," काका म्हणाला, आणि बोटीत चढून माझ्या आणि पॅनलच्या मध्ये उभा राहिला. रंगाचा आणि घामाचा वास आला.

"बाजूला व्हा."

"म्हटलं ना, मी करतो ते."

"काका, बाजूला व्हा."

तो झाला. मला वाटलं होतं त्याहून लवकर.

पॅनलच्या मागे पत्र्याची एक डबी चिकटपट्टीनं लावलेली होती. त्यात बाबा जादा फ्यूज ठेवत, नेहमी पाच. मी मोजले. पाच. दिवे गेल्याचं त्यांना कळलं असतं तर एक कमी असता. त्यांना कळलंच नव्हतं. लाल-हिरवा छताच्या पुढे, पांढरा पाठीमागे उंच. सुकाणूवर बसलेल्या माणसाला स्वतःचा एकही दिवा दिसत नाही. बाकीच्या जगाला दिसावेत म्हणून असतात ते.

मग मी खिशातून दिव्यांचा जुना फ्यूज काढून दारातल्या उजेडात धरला. काचेची बारीक नळी, पाच अँपिअरची. तार मधोमध तुटली होती. काच स्वच्छ होती.

"दोन दिवस पाण्याखाली होती बोट," काका म्हणाला. "फ्यूज जाणार नाही तर काय होणार?"

"शॉर्ट झाला असता तर काच काळी पडली असती. बाबांनी शिकवलंय. काच स्वच्छ आणि तार मधेच गळलेली, म्हणजे कुणीतरी त्याच्यावर जास्तीचं ओझं टाकलं." मी फ्यूजचा होल्डर पुढे ओढला. त्यातून दोन वायरी निघत होत्या. एक दिव्यांची. दुसरी तपकिरी, नवी, खाली तळाकडे गेलेली. मी ती हातानं चाचपत गेले. ती पंपाला मिळत होती, तळात पाणी साचलं की आपोआप सुरू होणाऱ्या पंपाला. मी पंपाची जाळी उघडली. पात्याभोवती नायलॉनचा दोरा आवळून बसला होता.

अडकलेला पंप दुप्पट-तिप्पट वीज ओढतो, हे अकरा वर्षांच्या मलाही माहीत होतं. फ्यूजनं आपलं काम केलं होतं. वायर वाचवली होती.

"पंपाला त्याचा वेगळा फ्यूज होता," मी म्हणाले.

"त्याचा होल्डर गंजून तुटला. नवा यायचा होता."

"तात्पुरतं."

"हो, तात्पुरतं! सोमवारी करणार होतो." तो बाकावर बसला. ओल्या रंगावर बसला हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"बाबांना माहीत होतं?"

"स्विचचं होतं."

"पंपाचं विचारतेय मी."

"स्विचवरून एवढं बोलला होता तो. म्हटलं, आता हेही कुठे सांगायचं. सोमवारी करून टाकू, त्याला कळणार पण नाही."

दूर कुठेतरी कुणी लोखंडावर हातोडा मारत होतं. मी पात्यावरचा दोरा कापून काढला आणि फ्यूजबरोबर एका पाकिटात घातला. काही बोलले असते तर ते फार वाईट असतं, आणि मला अजून पंप जोडायचा होता.

एक वाजता काका उठला, नवा होल्डर शोधून आणला आणि पंपाची वायर वेगळी करायला बसला. मी थांबवलं नाही. तो हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. अर्धा तास फक्त पकडीचा आवाज होता.

"ऐक," शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला. "स्विच आता सरळ करून घेऊ. आजचं पास होऊ दे. जहाजं यायला लागली आहेत, हा हंगाम गेला तर मी काय करू? मग तुला कुठे काय लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही."

"स्विच सरळ केल्यावर मी काय दाखवू त्याला?"

"दादा परत येणार आहे का त्यानं?"

"नाही."

"मग?"

मी हात धुवायला बाहेर गेले. नळ शेडच्या मागे होता. साबण दोनदा लावला तरी ग्रीस जाईना, म्हणून वाळूनं घासले. अर्ध्यात मला आठवलं की स्क्रू ड्रायव्हर मी पॅनलवरच ठेवून आले होते आणि आत काका एकटा होता. मी नळ बंद केला नाही. हात पूर्ण धुवूनच आत गेले. काका दारात उभा राहून बाहेर बघत होता. स्क्रू ड्रायव्हर होता तिथेच होता. स्विच होता तसाच होता. दांडा वर-खाली करून मी खात्री करून घेतली.

तपासनीस बरोबर तीनला आला. काखेत नोंदवही आणि फाइल, चष्मा डोक्यावर. त्यानं बाजू ठोकून पाहिली, इंजिन पाहिलं, आणि सुकाणूशी येऊन म्हणाला, "चला, दिवे."

"तुम्हीच लावा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दांडा वर केला. "लागत नाहीत."

"खाली करा."

त्यानं केला. भिंतीवर लाल आणि हिरवा उजेड पडला. तो वाकून स्विच बघू लागला. "हा उलटा बसवलाय. असं चालत नाही."

"चार महिन्यांपूर्वीही चालत नव्हतं. तुमच्या फाइलमधला फोटो काढा."

फोटो काढायला त्यानं वेळ घेतला. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला.

"बाई, स्विच काय, कालही बदलता येतो."

"दांड्याखाली बघा. फोटोत."

फोटोत ठिपका होता. चार महिने तो त्याच्या फाइलमध्ये होता. त्यानं एकदा फोटो पाहिला, एकदा पॅनल.

"हा डाग?"

"नेलपॉलिश. चालू असायची बाजू. बाकीचे चार बघा, वर आहेत."

"अपघातात दांडा हललाही असेल."

"तुम्ही ओळ लिहिलीत तेव्हा हलला नव्हता. आता कसा हलेल?"

त्याला ते आवडलं नाही. तो सरळ उभा राहिला. "ठिपक्याचं तुम्ही सांगताय. लेक आहात तुम्ही, सांगणारच. स्विच बसवला कुणी?"

मी काकाकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या लाल उजेडाकडे बघत राहिले. तपासनीसानं फाइल मिटायला घेतली.

"मी बसवला," काका म्हणाला. "खाली म्हणजे चालू. तेव्हाही."

"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंत?"

"पंप दिव्यांच्या फ्यूजवर जोडला होता. तोही मीच."

मी खिशातून पाकीट काढून तपासनीसाच्या हातात दिलं. आत काचेची नळी होती, आणि पंपातला दोरा. त्यानं बाकी प्रश्न काकाला विचारले आणि काकानं एकेका शब्दात उत्तरं दिली. शेवटी तपासनीस म्हणाला की बोट पास होणार नाही, चौकशी पुन्हा होईल, आणि ती संपेपर्यंत बोटीला कुणी हात लावायचा नाही. काकानं मान हलवली. या वेळी त्याला खरंच विचारलेलं होतं, "समजलं का?" म्हणून.

"जुनी ओळ?" मी विचारलं.

"नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. खाली नवी लिहिता येते."

"लिहा मग. आत्ता."

बोटीच्या कडेवर वही टेकवून त्यानं लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं: 'दिव्यांचा स्विच चालू स्थितीत होता. दिवे फ्यूज गेल्याने बंद पडले. जोडणी सदोष. चालकाची चूक नाही.' शेवटचं वाक्य लिहिण्याआधी तो थांबला होता. मी तोवर पापणी हलवली नव्हती.

मी बाबांची पकड पिशवीत टाकली आणि निघाले. काका चार पावलं मागून येत होता. त्याच्या पँटला मागे पांढरा रंग लागलेला होता, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. फाटकाशी जाळीवाला म्हातारा सुई घेऊन बसला होता.

"काय, झाली पास?" त्यानं विचारलं. "आता तरी दिवे लावत जा रे बाबांनो. नाहीतर आहेच, कंदील."

मी थांबले. "कंदील लागलेला होता."

"असं कोण म्हणतं?"

"काका म्हणतात. विचारा त्यांना."

म्हाताऱ्यानं सुई खाली ठेवली आणि माझ्यामागे पाहिलं. मी चालायला लागले. फाटकातून बाहेर पडून भिंतीच्या कडेनं वळेपर्यंत मागे काही ऐकू आलं नाही.

"हो," मग काकाचा आवाज आला. "लावले होते त्यानं."

"मग घालवले कुणी?"

मी चाल कमी केली नाही. काकाचा आवाज लहान होत गेला, पण धक्क्यावर वारा पडला होता आणि शब्द ऐकू येत होते. तो सांगत होता, "त्याचं असं झालं, की पंपाचा होल्डर गंजला होता..."